पुण्यात माफक दरात चांगले जेवण आणि नीट राखलेली वाइन: ठिकाण कसे पारखावे?

रानजाई (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी,

येत्या मे महिन्यात माझ्या आई-बाबांच्या लग्नाला ४० वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या दिवशी घरच्या सहा जणांनी बाहेर जेवायला जावे, अशी बाबांची इच्छा आहे. बाबांना निवृत्तीनंतर वाइनची गोडी लागली. नाशिकला एका लग्नासाठी गेलेले असताना गंगापूर धरणाच्या बाजूच्या एका वायनरीत त्यांनी शेनिन ब्लांक ही पांढरी वाइन पहिल्यांदा चाखली आणि तेव्हापासून महिन्याला एखादी बाटली ते स्वतः लेबल वाचून, निवडून घरी आणतात. आई घेत नाही, पण तिला जेवण गरम आणि चवीचे लागते, शिवाय समोरच्याशी ओरडून बोलावे लागेल इतक्या मोठ्या आवाजातली गाणी तिला सोसत नाहीत. आमची मर्यादा वाइन आणि कर धरून माणशी साधारण १,७०० रुपये एवढी आहे.

पंचतारांकित हॉटेलांत वाइनच्या याद्या मोठ्या असतात हे ठाऊक आहे. परंतु तिथे आमच्यासारख्यांचा हात यादीतल्या सर्वांत खालच्या किमतीवरच जातो आणि मग उरलेल्या चार पानांचा आपल्याला काही उपयोग राहत नाही. मला हवे आहे ते मधले ठिकाण: जिथे जेवणावर मेहनत घेतली जाते, जिथे आठ-दहाच वाइन असल्या तरी त्या कोणीतरी विचार करून ठेवलेल्या असतात, आणि जिथे बाटलीची किंमत वाचून बाबा मेनू कार्ड मिटून ठेवणार नाहीत.

गेल्या अडीच महिन्यांत मी आणि माझा नवरा अशा पाच ठिकाणी जाऊन आलो. त्यांपैकी एका ठिकाणचा अनुभव सविस्तर सांगते, कारण त्यातूनच हा धागा काढावासा वाटला. आम्ही ग्लासने शिराझ ही लाल वाइन मागवली. ग्लास हातात घेताच तो कोमट लागला आणि वास घेतला तर फळाऐवजी सिरक्याची तिखट झाक नाकात गेली. मान वळवून पाहिले तेव्हा अर्धी रिकामी बाटली कॉफीच्या यंत्रावरच्या फळीवर उभी दिसली, म्हणजे दिवसभर त्या यंत्राची वाफ तिला खालून लागत होती. बाटली कधी उघडली असे विचारल्यावर वेटरने प्रामाणिकपणे "रविवारी" असे सांगितले. तो दिवस गुरुवार होता. कॅप्टनशी बोलले तर ते नम्रपणे म्हणाले, "मॅडम, रेड वाइन रूम टेंपरेचरलाच देतात." त्यांचे शिक्षण तसेच झाले असेल, म्हणून मी वाद घातला नाही. पण ज्या खोलीच्या तापमानाबद्दल तो नियम सांगितला जातो ती खोली थंड देशातली, १६ ते १८ अंशांची असते. एप्रिलमधल्या पुण्यातली ३५ अंशांची नव्हे.

उलट, कर्वे रस्त्याच्या एका आतल्या गल्लीत अगदी साध्या दिसणाऱ्या ठिकाणी केवळ सहा वाइन होत्या, पण त्या चार वेगवेगळ्या वायनरींच्या होत्या, प्रत्येकीपुढे द्राक्षांच्या हंगामाचे साल छापलेले होते आणि मालकाने स्वतः येऊन "कोळंबी घेणार असाल तर ही घ्या, मटण घेणार असाल तर ती" असे सांगितले. दुर्दैवाने तिथे सहा जणांना एकत्र बसता येईल असे टेबल नाही.

तेव्हा माझी विनंती अशी की नुसती नावे न देता तुम्ही ठिकाण कसे पारखता ते लिहावे. फोनवर काय विचारावे, यादीत काय पाहावे, बाटलीला दुकानातल्या किमतीच्या किती पटीपर्यंत पैसे मोजणे रास्त आहे, आणि आपल्या मसालेदार जेवणाबरोबर काय मागवावे?

कोथरूडकर_७८

धागा चांगला आहे. पण नावे का नकोत? वाचणाऱ्याला त्यांचाच उपयोग अधिक होईल.

रानजाई

कोथरूडकर, तुमचे म्हणणे रास्त आहे. पण यंदा मी ज्या पाच ठिकाणी गेले त्यांतली तीन ठिकाणे अशाच जुन्या धाग्यांतून मिळाली होती, आणि तिन्ही ठिकाणी यादी, कॅप्टन किंवा मालक यांपैकी काहीतरी बदललेले होते. जेवणाची चव एकदा बसली की वर्षानुवर्षे टिकते. वाइनची यादी मात्र ती सांभाळणारा एक माणूस नोकरी सोडून गेला की महिन्याभरात ढासळते. ज्यांना नावे हवी आहेत त्यांना मी आनंदाने व्यनि (व्यक्तिगत निरोप) करीन.

तिसरीपाळी

मी पुण्यात आणि मुंबईत मिळून ११ वर्षे परमिट रूममध्ये काम केले, त्यांपैकी शेवटची पाच कॅप्टन म्हणून. रानजाई, तुमच्या त्या कोमट ग्लासामागे काय घडते ते आतल्या बाजूने सांगतो.

मधल्या दर्जाच्या ठिकाणी दिवसाला वाइनचे चार-पाच ग्लास गेले तरी पुष्कळ झाले. बिअर आणि व्हिस्की यांवर धंदा चालतो आणि वाइन ही मालकाला ठेवावी लागते म्हणून ठेवलेली वस्तू असते. मी जिथे जिथे काम केले तिथे यादी बहुधा पुरवठादारच छापून देत असे. कागद गुळगुळीत, छायाचित्रे सुंदर, आणि सगळ्या वाइन एकाच घरच्या. मालकाचा छपाईचा खर्च वाचतो, पण निवड कोणीच केलेली नसते. म्हणून यादी हातात आली की किती नावे आहेत हे मोजू नका, किती वायनरी आहेत ते मोजा. आठ वाइन आणि तीन-चार वायनरी असतील तर कोणीतरी चाखून, बसून ठरवले आहे असे समजावे.

फोन करायचा तो दुपारी साडेतीन ते पाचच्या दरम्यान करावा. त्या वेळी गर्दी नसते आणि कॅप्टनला बोलायला सवड असते. "वाइन आहे का?" असे विचारू नये, कारण त्याचे उत्तर सगळीकडे "आहे"च येते. विचारावे ते असे: "आज ग्लासने कोणकोणत्या देत आहात आणि बाटल्या कधी उघडल्या?" जो माणूस फोन बाजूला ठेवून पाहून येतो त्याच्याकडे निश्चिंत जावे. जो तिथल्या तिथे "सगळ्या फ्रेश आहेत" म्हणतो त्याच्याकडे गेलात तर बंद बाटलीच मागवावी आणि ती टेबलावर, तुमच्या डोळ्यांसमोर उघडायला सांगावी. उघडलेली बाटली झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये ठेवली तर दोन-तीन दिवस बरी राहते. फळीवर ठेवली, तर उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशीच ती उतरणीला लागते.

ग्लासचे मापही विचारावे. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच ग्लास होतात. काही ठिकाणी १२० मिलिलिटर ओततात आणि ग्लास मोठा असल्यामुळे ते लक्षात येत नाही. ग्लासच्या किमतीला पाचाने गुणून बाटलीच्या किमतीशी ताडून पाहा. फरक थोडा असेल तर ठीक, पण पाच ग्लासांच्या पैशांत दीड बाटली येत असेल तर ग्लासने घेण्यात अर्थ नाही. ३७५ मिलिलिटरची अर्धी बाटली मिळत असेल तर दोघांसाठी त्याहून चांगला मार्ग नाही, कारण ती ताजी असते आणि उरत नाही.

थंड करण्याबद्दल एवढेच सांगतो, की नुसत्या बर्फात बाटली ठेवून ती लवकर गार होत नाही. अर्धा बर्फ आणि अर्धे पाणी लागते, कारण पाणी बाटलीला सगळीकडून भिडते. पांढऱ्या वाइनला अशा बादलीत वीस मिनिटे पुरतात. लाल वाइनसुद्धा दहा मिनिटे ठेवायला सांगा आणि सांगताना संकोच करू नका. मी स्वतः कित्येक ग्राहकांना आपणहून तसे सुचवत असे आणि त्यांतल्या एकानेही तक्रार केली नाही.

काळामसाला

एक मूलभूत शंका आहे. आमच्या घरी मटण म्हणजे सुक्या खोबऱ्याचे आणि लवंगी मिरचीचे. त्याबरोबर लाल वाइन घेतली की जीभ अधिकच भाजते, असा माझा दोनदा अनुभव आहे. मग "मटणाबरोबर लाल" हे जे सर्वत्र लिहिलेले असते ते आपल्या जेवणाला लागू होते का?

गोडीबहार

काळामसाला, तुमची जीभ बरोबर सांगते आहे. लाल वाइनमध्ये सालीतून आणि बियांतून उतरलेला तुरटपणा असतो, आणि तो तुरटपणा व तिखट एकत्र आले की दोन्ही भडकतात. त्यात अल्कोहोल जास्त असेल तर आणखी. तिखट रश्श्याबरोबर किंचित गोडसर, गार शेनिन ब्लांक घ्या. गोडवा तिखटाला बोथट करतो आणि आंबटपणा तेलाचा तवंग कापतो. भाजलेले मांस, कबाब, कमी तिखटाचे मटण असेल तर लाल जरूर घ्या. कोळंबी, सुरमई, बोंबील यांच्याबरोबर सोव्हिन्यो ब्लांक ही पांढरी वाइन. तिला स्वतःलाच हिरव्या मिरचीसारखा, कच्च्या कैरीसारखा वास असतो, त्यामुळे कोथिंबीर-लिंबाच्या जेवणात ती परकी वाटत नाही. आणि थालीपीठ, कोथिंबीर वडी, भजी अशा तळलेल्या-भाजलेल्या पदार्थांबरोबर रोझे, म्हणजे गुलाबी वाइन.

मी दिंडोरी तालुक्यातला बागायतदार आहे. आमच्याकडे खायच्या द्राक्षांची बाग आहे आणि काही एकर वाइनची द्राक्षे करारावर आहेत. त्यामुळे यादीतल्या एका गोष्टीकडे मी सर्वांत आधी पाहतो, ती म्हणजे लेबलवरचे हंगामाचे साल.

आपल्याकडे वेलीची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, जिच्यातून नवी काडी तयार होते, आणि पावसानंतर, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी, जिच्यावर फळ धरते. वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च या काळात होते. युरोपात हाच हंगाम ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असतो, कारण त्यांच्याकडे वेल थंडीत झोपते आणि आमच्याकडे पावसात फळ घेता येत नाही. वाइनचे द्राक्ष लहान, जाड सालीचे आणि बियांचे असते. थॉमसनसारखे टपोरे, बिनबियांचे द्राक्ष खायला कितीही गोड असले तरी त्यात तो गर-साल-बी यांचा मेळ नसतो.

याचा तुमच्या टेबलाशी संबंध असा की आपल्याकडच्या बहुतेक साध्या पांढऱ्या वाइन आणि रोझे तरुणपणीच, वर्ष-दोन वर्षांत पिण्यासाठी केलेल्या असतात. मे महिन्यात लेबलवर गेल्या हंगामाचे साल असेल तर उत्तम. तीन-चार वर्षांपूर्वीची सोव्हिन्यो ब्लांक समोर आली तर ती "जुनी म्हणून भारी" नाही. ती कोणीही न मागितल्यामुळे गोदामात उरलेली आहे. ओतल्यावर तिचा रंग फिकट हिरवट-पिवळ्याऐवजी गडद सोनेरी दिसेल आणि वास मार लागलेल्या सफरचंदासारखा येईल. अशी बाटली निःसंकोच परत करावी. लाल वाइनमध्ये, विशेषतः लाकडी पिंपात मुरवलेल्या रिझर्व्ह प्रकारांत, काही वर्षे अधिक चालतात.

आता वायनरींविषयी. तिसरीपाळी यांनी वायनरी मोजायला सांगितले, ते अगदी बरोबर आहे. सुला सगळीकडे असते आणि त्यात गैर काही नाही. १९९९ मध्ये सुरू होऊन २००० मध्ये त्यांची पहिली वाइन आली आणि आमच्या भागात सोव्हिन्यो ब्लांक, शेनिन ब्लांक ही नावे शेतकऱ्याच्या तोंडी रुळली ती त्यांच्यामुळे. त्याआधी, ऐंशीच्या दशकात, नारायणगावला श्यामराव चौगुले यांनी इंडाज वायनरीची सुरुवात केली होती आणि तिथली फेसाळ वाइन परदेशात जात होती. २००१ मध्ये राज्य सरकारने द्राक्ष प्रक्रिया उद्योगासाठी वेगळे धोरण आणले आणि त्यानंतर नाशिक परिसरात वायनरी वाढत गेल्या. पण यादीत सुलाच्या जोडीला इगतपुरीकडची व्हॅलोने, निफाडची रेव्हेलो, सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजची फ्रॅटेली किंवा ग्रोवर झाम्पा यांपैकी दोन-तीन दिसल्या तर मला त्या ठिकाणाविषयी आदर वाटतो. रेव्हेलोने इटलीतल्या नेरो दाव्होला आणि ग्रिल्लो या जाती निफाडच्या मातीत लावल्या. फ्रॅटेलीने अकलूजला सांजोव्हेझे लावली. ज्या माणसाने या बाटल्या मुद्दाम मागवल्या, तो त्या उन्हात ठेवणार नाही असे मला वाटते.

विशेष प्रसंग आहे म्हणून आणखी एक सुचवतो. सुरुवातीला सर्वांसाठी एक फेसाळ बाटली घ्या. शान्दोंची वायनरी आमच्या दिंडोरी तालुक्यातच आहे, आणि सुलाच्याही ब्रूट, म्हणजे गोड नसलेल्या फेसाळ वाइन, मिळतात. परदेशी शॅम्पेनच्या मानाने किंमत कितीतरी कमी पडते.

हिशेबनीस

किमतीविषयी कोणी सविस्तर लिहिले नाही, म्हणून लिहितो.

प्रथम पट. जवळच्या वाइन शॉपमध्ये त्या बाटलीची छापील किंमत काय आहे ते आधी पाहून ठेवावे. माझा अनुभव असा की मधल्या दर्जाच्या ठिकाणी दुकानाच्या किमतीच्या दुप्पट म्हणजे रास्त, अडीच पट म्हणजे चालण्यासारखे, आणि तिपटीच्या वर असेल तर त्या बदल्यात चांगले ग्लास, योग्य तापमान आणि माहितगार माणूस मिळायला हवा. उपाहारगृह जागा आणि सेवा देते, त्यामुळे छापील किमतीलाच विकावे अशी अपेक्षा धरता येत नाही.

एकाच यादीत पट सारखा नसतो, हे फार थोडे लोक पाहतात. सर्वांत स्वस्त बाटलीवर पट बहुधा सर्वांत जास्त असतो, कारण ती न पाहता मागवली जाते. तिच्याहून एक-दोन पायऱ्या वरची बाटली दुकानात ३०० रुपयांनी महाग असली तरी यादीत अनेकदा ३०० ते ४०० रुपयांनीच महाग असते. तिथेच तुमच्या पैशांचे खरे मोल मिळते.

परदेशी बाटल्यांबद्दल. आयात वाइनवर सर्वसाधारणपणे १५० टक्के सीमाशुल्क असते. ऑस्ट्रेलियाबरोबरचा व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला आणि पाच ते पंधरा डॉलरच्या बाटल्यांवरचे शुल्क त्या दिवशी १०० टक्क्यांवर आले व पुढे टप्प्याटप्प्याने उतरणार आहे, त्यामुळे ऑस्ट्रेलियन शिराझ थोडी आवाक्यात येऊ लागली आहे. तरीही यादीतल्या सर्वांत स्वस्त परदेशी बाटलीत तुम्ही मुख्यतः शुल्क आणि वाहतूक यांचे पैसे देता. त्याच किमतीत नाशिक किंवा अकलूजची वरच्या दर्जाची बाटली येते. रानजाई यांच्या मर्यादेत देशीच घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

कर दोन वेगळे लागतात. जेवणावर पाच टक्के जीएसटी; वाइनवर जीएसटी नाही, तिच्यावर राज्याचा व्हॅट. परमिट रूममधल्या मद्यावरचा व्हॅट १ नोव्हेंबर २०२३ पासून पाचावरून दहा टक्के झाला. सेवाशुल्क ऐच्छिक आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने तशी मार्गदर्शक तत्त्वे काढली आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती उचलून धरली. बिलात ते आपोआप लावलेले असेल तर शांतपणे काढायला सांगावे आणि वेटरला वेगळी टीप द्यावी.

तुमचा हिशेब मांडून दाखवतो. सहा जणांचे माणशी १,७०० म्हणजे १०,२०० रुपये. जेवण माणशी ८५० धरले तर ५,१०० आणि त्यावर जीएसटी २५५, म्हणजे ५,३५५. दोन बाटल्या प्रत्येकी १,९०० धरल्या तर ३,८०० आणि व्हॅट ३८०, म्हणजे ४,१८०. एकूण ९,५३५. उरलेल्या ६६५ रुपयांत टीप आणि एक-दोन गोड पदार्थ येतात. आई घेत नाहीत आणि एकाने गाडी चालवायची म्हणून घेतली नाही, तर चौघांत दहा ग्लास पुरेसे आहेत.

रानजाई

हिशेबनीस, हा हिशेब मी जसाच्या तसा नवऱ्याला वाचून दाखवला. सर्वांनाच टॅक्सीने जायचे ठरले आहे.

एक विचारायचे राहिले. कर्वे रस्त्याजवळच एक उत्तम शाकाहारी ठिकाण आहे, पण तिथे मद्याचा परवाना नाही. आपली बाटली नेली तर चालते का? काही परिचित तसे करतात असे ऐकते.

तिसरीपाळी

कृपा करून नेऊ नका. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आजही लागू आहे आणि परवाना नसलेल्या जागेत मद्य पिऊ देणे हा गुन्हा आहे. कारवाई झाली तर ती त्या मालकावरही होते आणि त्याचे दुकान बंद पडू शकते. ज्यांच्याकडे परवाना आहे त्यांपैकी काही जण बाहेरच्या बाटलीला बाटलीमागे ठरावीक आकार घेऊन परवानगी देतात, परंतु ते मालकाला आधी विचारूनच. फक्त बिअर आणि वाइन यांचाच परवाना असलेली छोटी उपाहारगृहेही आहेत. तुमच्यासारख्यांनी ती अवश्य शोधावीत, कारण तिथे व्हिस्कीचा धंदा नसल्यामुळे वाइनकडे अधिक लक्ष असते आणि सहसा गोंगाटही कमी असतो.

गिरगावचौपाटी

मुंबईचे लिहितो, कारण शीर्षकात पुणे असले तरी पारख तीच आहे. फोर्टातले महेश लंच होम आणि काळा घोड्याजवळचे तृष्णा ही मासळीची जुनी, नावाजलेली ठिकाणे. दोन्ही स्वस्त नाहीत, खेकडा घेतला की बिल झपाट्याने वाढते. परंतु तिघांनी एक बाटली गार पांढरी, तिसऱ्या, कोळंबी आणि नीर डोसा किंवा आप्पम असे जेवण ठेवले तर आवाक्यात राहते. दुपारी जावे. शांतता असते आणि बाटली गार करून द्यायला त्यांना वेळ असतो. पश्चिम उपनगरांत मात्र मला या दरात वाइनची नीट निगा राखणारे ठिकाण शोधायला फार फिरावे लागले आणि अजून मनासारखे सापडलेले नाही.

थेम्सकाठ

मी १४ वर्षे लंडनमध्ये आहे. ग्लासच्या मापाचा विषय निघाला म्हणून सांगते, की इथे ग्लासने वाइन विकायची तर ती १२५ किंवा १७५ मिलिलिटर, अथवा त्यांच्या पटीतच, असा कायदा आहे आणि माप यादीवर छापलेले असते. गेल्या डिसेंबरात पुण्यात आले असताना एका ठिकाणी मी माप विचारले तर कॅप्टन गोंधळले, पण त्यांनी आतून पेगचे माप आणून माझ्यासमोर मोजून दिले. म्हणजे विचारले की लोक ऐकतात. सर्वांनी विचारायला लागावे असे मनापासून वाटते.

रानजाई

सर्वांचे आभार. आई-बाबांचा दिवस परवा पार पडला आणि तुम्हा सर्वांच्या सूचनांचे काय झाले ते सांगणे माझे कर्तव्य आहे.

तिसरीपाळी यांनी सांगितलेल्या वेळी, मंगळवारी दुपारी चार वाजता, मी सहा ठिकाणी फोन केले. दोघांनी "सगळ्या फ्रेश आहेत" असे उत्तर दिले. एका ठिकाणी वाइनची चौकशी करताच फोन दुसऱ्याच्या हाती आणि मग तिसऱ्याच्या हाती गेला. औंधच्या बाजूच्या एका ठिकाणी मात्र फोन उचललेल्या बाई "थांबा, पाहून सांगते" म्हणाल्या आणि दोन मिनिटांनी परत येऊन त्यांनी तीन वाइनची नावे, साल आणि उघडल्याचा दिवस सांगितला. तिथेच टेबल ठरवले. त्यांच्याकडे फक्त बिअर आणि वाइनचाच परवाना आहे. यादीत नऊ वाइन, पाच वायनरी.

आदल्या दिवशी संध्याकाळी मी स्वतः जाऊन बाटल्या पाहून आले. शेनिन ब्लांक आणि रोझे, दोन्ही गेल्या हंगामाच्या निघाल्या. त्या दुसऱ्या दिवशी दुपारीच फ्रिजमध्ये ठेवायला सांगितल्या. बाबांनी चष्मा लावून दोन्ही लेबले मागूनपुढून वाचली, मगच झाकण फिरवू दिले. कोथिंबीर वडी आणि भरलेल्या मिरच्यांबरोबर रोझे, आणि तिखट चिकन रश्श्याबरोबर शेनिन. काळामसाला, तुम्ही हा प्रयोग नक्की करा. रश्श्याचा घास घेऊन वर गार शेनिनचा घोट घेतला की तिखट जिभेवरून सरकत जाते, चटका तेवढा राहत नाही. बाबांनी हे प्रत्येकाला एकेक घास भरवून समजावून सांगितले.

सर्व काही बिनचूक होते असे नाही. पहिले ग्लास जाड काचेचे आणि इतके लहान आले की वास घ्यायला जागाच नव्हती. विचारल्यावर त्या बाईंनी कपाटातून पातळ काचेचे चांगले ग्लास काढले. फुटतात म्हणून ते मागितल्याशिवाय देत नाहीत, असे त्या म्हणाल्या. मुलांचा मात्र आइस्क्रीमसाठी फार वेळ खोळंबा झाला.

बिल ९,२४० रुपये आले, सेवाशुल्क नव्हते. रोझेची किंमत आठवड्यापूर्वीच २,००० वरून २,१५० झाली होती, पण आमच्या हातातल्या यादीत जुनी किंमत छापलेली असल्यामुळे त्यांनी तीच लावली, आणि ते आपणहून सांगितले. आईने निघताना त्यांच्या स्वयंपाक करणाऱ्या मावशींना बाहेर बोलावून वडीत काय घातले होते ते विचारून घेतले.

कोथरूडकर_७८

रानजाई, नाव व्यनि करावे. शनिवारी दुपारी आम्ही चौघे जाऊ शकतो.

रानजाई

केले आहे. खिडकीजवळचे टेबल मागा, आणि ग्लास आधीच सांगून ठेवा.

गोडीबहार

शनिवारी जाणार असाल तर या हंगामाची पांढरी आली आहे का, तेही विचारा. आमच्याकडची द्राक्षे फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात गेली आहेत, म्हणजे एव्हाना काही बाटल्या बाजारात यायला हव्यात. आली असेल तर साल आणि किंमत इथे नोंदवा.

कोथरूडकर_७८

जरूर. रविवारी सकाळी लिहितो.